वाचकांचे प्रश्न : कमी वयातलं आईपण, कमी वयातलं बापपण

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं. विशीच्या आत किंवा विशीला टेकता टेकता आई-बाप झालेल्या मुलामुलींना भेटायचं, त्यांच्या तब्येतीची, दिवसभराच्या कामांची, घरातल्या वाटणीची नोंद करायची, हे ते काम. त्या लेखातलं एक वाक्य पुष्कळांना खटकलं : ‘कमी वय हे या मुलींच्या अडचणींचं एकमेव कारण तर नाहीच, बऱ्याचदा मुख्य कारणही नाही.’ बहुतेक पत्रं त्यावरच आहेत. काही पत्रं मात्र अगदी खाजगी आहेत आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटतात. नावगाव कुणाचंच दिलेलं नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सोळाव्या-सतराव्या वर्षी मूल झालं की शिक्षण सुटतं, धड नोकरी मिळत नाही, गरिबी पाठ सोडत नाही, हे आम्ही आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही वयाला मोकळं सोडता. यातून मुलींपर्यंत भलतंच काही पोचेल, असं वाटत नाही का?
— निवृत्त मुख्याध्यापिका

उत्तर : बाई, तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे. लवकर आई झालेल्या मुलींचं शिक्षण कमी राहतं, कमाई कमी राहते. पण त्यांची तुलना आपण कुणाशी करतो? सहसा वर्गातल्या इतर मुलींशी, ज्यांच्या घरची परिस्थिती वेगळी होती, ज्यांना अभ्यासाला बसवणारं कुणीतरी होतं. लवकर आई होणाऱ्या मुली मुळातच गरीब घरांतून जास्त येतात. मूल व्हायच्या कितीतरी आधी त्यांची शाळा निम्मीशिम्मी सुटलेली असते. मग पुढे जे घडलं ते बाळामुळे की आधीपासून जे चाललं होतं त्यामुळे, हे नुसतं बघून कळत नाही.

यावर तोडगा काढायचा प्रयत्न १९९२ मध्ये अमेरिकेत अर्लीन जेरोनिमस आणि सँडर्स कोरेनमन या संशोधकांनी केला. त्यांनी सख्ख्या बहिणी घेतल्या. एक किशोरवयात आई झालेली, दुसरी उशिरा. घर तेच, आईवडील तेच, गरिबी तीच. बाहेरच्या मुलींशी तुलना केल्यावर जी दरी मोठी दिसायची, ती बहिणींच्या तुलनेत बरीच कमी झाली. त्यानंतर जोसेफ हॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी कठोर कसोटी लावली. किशोरवयात गरोदर राहिलेल्या मुलींपैकी काहींचा गर्भ आपोआप पडतो. या मुली आणि ज्यांना मूल झालं त्या, यांचं पुढचं आयुष्य ताडून पाहिलं तर विशीच्या उत्तरार्धापर्यंत कमाईत मूल झालेल्या मुली मागे पडलेल्या नव्हत्या. पुढे इतर संशोधकांनी तीच माहिती वेगळ्या रीतीने तपासली तेव्हा तोटा दिसला, विशेषतः शालान्त शिक्षण पुरं करण्यात. पण तो तोटा लोक समजतात त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान होता.

म्हणजे वय निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या माथी जेवढं मारलं जातं तेवढं त्याचं नाही, एवढंच म्हणते. आणि हे मी आग्रहाने का म्हणते तेही सांगते. दोष वयाचा म्हटला की आपण मुलीला बोल लावतो आणि आपलं काम संपतं. दोष आधीच्या गरिबीचा आणि सुटत गेलेल्या शाळेचा म्हटला की काम आपल्याकडे येतं. तुम्ही शाळा चालवली आहे. सातवी-आठवीत एखादी मुलगी महिनामहिना गैरहजर राहायला लागते, तो क्षण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल. हस्तक्षेपाची वेळ ती असते, पुढची नव्हे.

प्रश्न : मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. तुमचा लेख वाचून अस्वस्थ झाले. सतरा वर्षांच्या मुलीला झटके येताना मी पाहिलं आहे. शरीराला वय कळतं, समाजशास्त्राला कळत नसलं तरी.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. शरीराचा मुद्दा शिक्षण-कमाईच्या मुद्द्यात मिसळायचाच नाही.

जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते : १० ते १९ वयाच्या आयांना २० ते २४ वयाच्या स्त्रियांपेक्षा गरोदरपणातल्या झटक्यांचा, बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा आणि अंगभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. त्यांची बाळं दिवस भरण्याआधी जन्मण्याचं, कमी वजनाची असण्याचं प्रमाणही जास्त. पाळी सुरू झाली म्हणजे हाडं तयार झाली असं नसतं. बाळ जिथून बाहेर येतं तो कटीच्या हाडांमधला घेर त्यानंतरही काही वर्षं वाढत राहतो. १४४ देशांची आकडेवारी एकत्र करून २०१४ मध्ये जो अभ्यास झाला, त्यात १५ ते १९ वयाच्या मातांच्या मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे सुमारे २६० आणि २० ते २४ वयात सुमारे १९० निघालं. म्हणजे धोका साधारण एक तृतीयांशाने जास्त. हा फरक खरा आहे, आणि तो पूर्वी जितका सांगितला जायचा त्यापेक्षा कमी आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायला हव्यात. पंधराच्या आतल्या मुलींचा धोका याहून फार मोठा असतो. तिथे मी कुठलाच ‘पण’ लावणार नाही.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी मात्र धोक्याचा मोठा भाग हाडांमधून येत नाही. तो रक्तक्षयातून, कमी वजनातून, आणि पहिली तपासणी पाचव्या-सहाव्या महिन्यात होण्यातून येतो. याच जेरोनिमस यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आकडेवारीत एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. तिथे विशीतल्या आयांपेक्षा किशोरवयीन आयांची बाळं दगावण्याचं प्रमाण कमी होतं. गोऱ्या स्त्रियांमध्ये नेमकं उलट. त्यांचं म्हणणं असं, की गरिबी आणि वंशभेद सोसून शरीर वयाच्या आधीच झिजत जातं, म्हणून पंचविशीतली गरीब स्त्री कागदावर तरुण असली तरी तिचं शरीर तेवढं तरुण उरत नाही. या मांडणीवर वाद झाले, अजून होतात. मला ती महत्त्वाची वाटते, कारण त्यामुळे आपण वयाच्या आकड्यापलीकडे शरीराचा इतिहास विचारायला लागतो.

आता तुमच्या विभागाबद्दल. मी ज्या मुलींशी बोलले त्यांच्यापैकी कितीतरी जणी तपासणीला उशिरा का आल्या, याचं उत्तर ‘लाज’ असं देतात. खोलात विचारलं की लाज म्हणजे काय ते कळतं. एकीने सांगितलं, ती दवाखान्याच्या दारातून आधी वाकून बघायची, आत कोणत्या सिस्टर आहेत ते. ‘एवढीशी तू आणि आलीस पोट घेऊन’ म्हणणाऱ्या असल्या तर ती तिथूनच मागे फिरायची. तिचा रक्तदाब सातव्या महिन्यात पहिल्यांदा मोजला गेला. झटके येण्याआधी रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, हे तुम्ही मला शिकवाल. ते वेळेत पकडायचं तर मुलगी वेळेत आत यायला हवी. तुम्ही ओरडत असाल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या विभागात जर कुणी ओरडत असेल, तर तो प्रश्न उपचाराचाच आहे, शिष्टाचाराचा नव्हे.

प्रश्न : घरी जाऊन भेटी देणारी सेवा सुरू करावी, असा विचार आमच्या आरोग्य विभागात चालू आहे. उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण कुठे आणि कुणाला, हे बघून. डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या शहरात पहिलटकरणींकडे परिचारिका पाठवल्या. बहुतेक जणी लहान वयाच्या, अविवाहित किंवा गरीब. गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत भेटी चालल्या. पंधरा वर्षांनी पाहिलं तर मुलांची हेळसांड किंवा छळ झाल्याच्या नोंदी भेटी न मिळालेल्या कुटुंबांच्या मानाने निम्म्याच्या आसपास होत्या. हाच कार्यक्रम इंग्लंडने विशीच्या आतल्या आयांसाठी उचलला. २०१६ मध्ये त्याच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा धूम्रपान, बाळाचं वजन, दोन वर्षांत दुसरी गर्भधारणा, आपत्कालीन विभागातल्या फेऱ्या, या चारही बाबतींत फरक पडलेला नव्हता. कारण बहुधा हे, की तिथे प्रत्येक आईला सुईण आणि घरी येणारी आरोग्यसेविका आधीच मिळते. जिथे काहीच नाही तिथे भेटींनी मोठा फरक पडतो. जिथे बरंच काही आहे तिथे आणखी एक माणूस पाठवून फारसं हाती लागत नाही. तुमच्याकडे आज काय आहे, ते आधी लिहून काढा.

प्रश्न : ताई, मी एकवीस वर्षांचा आहे, बायको एकोणीस. बाळ चार महिन्यांचं. सगळे तिलाच विचारतात कशी आहेस. मी कामावरून सुटलो तरी घरी जावंसं वाटत नाही, बाहेरच थांबतो. बाळ रडलं की माझ्या छातीत धडधडतं. रात्री उगाच रडू येतं. पुरुषाला असं होतं का? कुणाला सांगितलं तर हसतील.

उत्तर : होतं. आणि तू लिहिलंस हे फार बरं केलंस.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी त्रेचाळीस अभ्यास एकत्र केले. बाळाच्या जन्माच्या आगेमागे सुमारे दहा टक्के बापांना नैराश्य येतं असं त्यांना दिसलं. सगळ्यात जास्त प्रमाण कधी, तर बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. म्हणजे तू आत्ता आहेस तिथेच. आई खचलेली असेल तर बापही खचलेला असण्याची शक्यता वाढते. २०१४ मध्ये क्रेग गारफील्ड यांचा अभ्यास आला. त्यात सरासरी पंचविशीत बाप झालेले आणि मुलाबरोबर एकाच घरात राहणारे तरुण होते. पहिल्या पाच वर्षांत त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं सरासरी ६८ टक्क्यांनी वाढली होती. एवढं सगळं माहीत असूनही बाळाच्या फाइलमध्ये बापासाठी जागा असते ती नावापुरती आणि मोबाइल नंबरपुरती. तुझी चौकशी कुणी करत नाही याचा अर्थ तुला काही होत नाही, असा नाही.

माझ्या कामात मी आईला आणि बापाला एकेक कागद देते. त्यावर चोवीस चौकोन असतात, तासाला एक. कुणी कुणाचा बघायचा नाही. एका जोडप्याचे कागद माझ्यासमोर आहेत, तुमच्याच वयाचं जोडपं. तिच्या रात्री दोनच्या चौकोनात ‘झोप’ लिहून खोडलंय, वर बारीक अक्षरात ‘पाजलं’, कडेला ‘दुपटं बदललं’, खाली जागा उरली नाही म्हणून रेघेबाहेर पुन्हा ‘झोप’. त्याच्या कागदावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच लांब कंस आणि त्यात ‘काम’. रात्री नऊच्या चौकोनात ‘बाळ, दहा मि.’. दहा ते सहा ‘झोप’. पण त्याला नंतर एकटं गाठून विचारलं तेव्हा तो म्हणाला, झोपलेलो नसतो, भिंतीकडे तोंड करून पडलेलो असतो. उठलो तर काय करायचं ते माहीत नाही, चुकलं तर सगळ्या बायका हसतात. तुझं पत्र वाचताना मला तोच आठवला.

बाळाला सांभाळणं पुरुषाच्या अंगात नसतं, असं कुणी म्हणालं तर फिलिपिन्समधल्या सेबू शहरातला अभ्यास सांग. तिथे सहाशेहून अधिक तरुणांची रक्ततपासणी साडेएकवीस वर्षांच्या सुमाराला झाली आणि पुन्हा साडेचार वर्षांनी. दरम्यान जे बाप झाले त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक इतरांपेक्षा जास्त उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करत होते त्यांचं आणखी कमी होतं. मूल सांभाळायला लागलं की पुरुषाचं शरीरही त्या कामाला जुळवून घेतं.

आता करायचं काय? एक, घरी गेल्यावर बाळाचं एक ठरावीक काम पूर्ण तुझ्याकडे घे. मदत म्हणून नव्हे, तुझं म्हणून. अंघोळ असेल, रात्रीचं एकदा दुपटं बदलणं असेल. तिने शेजारी उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, हेही तिला सांग. चुकत चुकतच येतं, तिलाही तसंच आलं. दोन, तिला हे पत्र दाखव. ती कशी आहे, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि तिलाही तुझ्यासारखंच होत असेल. तीन, डॉक्टरांकडे जा. एडिंबरो प्रश्नावली नावाची दहा प्रश्नांची चाचणी १९८७ पासून बाळंतिणींसाठी वापरतात, ती बापांसाठीही वापरता येते. दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांग. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. मला पुन्हा लिही. मी वाट बघते आहे.

प्रश्न : शाळेत मुलींना रडणारी बाहुली सांभाळायला देतात, म्हणजे मूल किती त्रासाचं असतं ते कळून मुली सावध होतात, असं ऐकलं. आमच्या शाळेत करावं का?
— जीवशास्त्र शिक्षक

उत्तर : करू नका. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरातल्या ५७ शाळांमध्ये हे नीट तपासलं गेलं. काही शाळांतल्या मुलींना धड्यांबरोबर शनिवार-रविवार ती बाहुली दिली. ती रात्री रडते, तिला पाजावं लागतं, मान न सावरता उचललं तर त्याचीही नोंद होते. मग या मुली वीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या नोंदी ठेवल्या. २०१६ मध्ये निकाल आला : बाहुली सांभाळलेल्या मुलींपैकी सुमारे १७ टक्के किमान एकदा गरोदर राहिल्या, न सांभाळलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के. कार्यक्रमाच्या हेतूच्या अगदी उलट. घरात ज्या मुलीकडे कुणी बघत नाही, तिच्याकडे त्या दोन दिवसांत सगळे बघतात, कौतुकही करतात. मला तरी यात नवल वाटत नाही.

शरीर, गर्भनिरोधन, नकार देण्याचा हक्क, हे सरळ शब्दांत शिकवा. मुलग्यांनाही त्याच तासाला.

प्रश्न : तुमचे सगळे दाखले अमेरिका-इंग्लंडचे, आणि तिथल्या लग्न न झालेल्या मुलींचे. लग्न होऊन अठराव्या वर्षी आई होणाऱ्या मुलींना यातलं काय लागू होतं?
— समाजशास्त्राची विद्यार्थिनी

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा होता. जगात किशोरवयीन मुलींची बहुसंख्य बाळंतपणं लग्नानंतरची किंवा लग्नासारख्या सहवासातली असतात. भारताचं सांगायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

फरक असा पडतो. कॅथरिन एडिन आणि मारिया केफलस या संशोधकांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि शेजारच्या कॅम्डेनमधल्या १६२ गरीब आयांशी वर्षानुवर्षं बोलून २००५ मध्ये जे मांडलं, त्यात मुली लग्नाला घाबरत होत्या, मुलाला नाही. लग्न म्हणजे घर, पैसा, भरवशाचा माणूस, सगळं जमल्यावर करायची गोष्ट. मूल मात्र आयुष्याला अर्थ देणारं, म्हणून आधी. जिथे लग्न आधी होतं तिथे मुलीला हा विचार करायची संधीच मिळत नाही. लग्नानंतर वर्षभरात पाळी चुकली नाही की चौकशा सुरू होतात. आणि लग्न झालेलं असलं की सोळा वर्षांच्या आईकडे कुणी ‘समस्या’ म्हणून बघत नाही. तिच्या रक्तातलं लोह तेवढंच कमी असतं, पण काळजी करणारं कमी असतं. बदनामी नसली म्हणजे मुलगी सुखरूप आहे, असा सोयीस्कर समज करून घेतला जातो. मला तो बदनामीइतकाच घातक वाटतो.

जे दोन्हीकडे लागू पडतं ते शाळेचं. नॉर्वेने १९५९ पासून पुढच्या काही वर्षांत सक्तीचं शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं, एकेका नगरपालिकेत टप्प्याटप्प्याने. जिथे ते लागू झालं तिथे किशोरवयीन बाळंतपणं कमी झाली. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या झोंबा जिल्ह्यात मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना रोख पैसे देऊन पाहिलं. शाळेत जाण्याच्या अटीवर दिले तर हजेरी आणि अभ्यास सुधारला. बिनअट दिले तर ज्यांनी शाळा सोडली होती त्यांचीही लग्नं आणि गरोदरपणं लांबली. पैसे थांबल्यावर मात्र हा दुसरा परिणाम टिकला नाही. म्हणून रोख मदतीवर मी थोडी भिस्त ठेवीन, शाळेवर जास्त.

तू अभ्यास करणार असशील तर एक सुचवते. मुलगी कितव्या वर्षी आई झाली, एवढ्यावर थांबू नकोस. मूल कधी हवं हे तिला कुणी विचारलं होतं का, हेही विचार. तो प्रश्न ऐकून मुली गप्प होतात. त्या गप्प राहण्याचीही नोंद कर, कधी गप्प झाली, त्या वेळी खोलीत कोण होतं, हे सगळं.

प्रश्न : संशोधकाने तटस्थ राहायला हवं. तुम्ही मुलाखतीत मुलींना सल्ला देता, असं लेखातून दिसलं.

उत्तर : विचारलं तर देते. ॲन ओकली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात लंडनमध्ये पहिल्यांदा आई होणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्या बायकांनी उलट त्यांनाच शेकडो प्रश्न विचारले, बाळ बाहेर कुठून येतं इथपासून. मुलाखत कशी घ्यावी ते शिकवणारी पाठ्यपुस्तकं सांगत होती, अशी उत्तरं टाळा. ओकलींनी उत्तरं दिली आणि का दिली ते १९८१ मध्ये लिहिलंही. ज्या बाईने तुम्हाला स्वतःच्या दुखण्याबद्दल तासभर सांगितलं, तिला ‘मला मत नाही’ म्हणणं मला जमणार नाही. त्याने माहितीही सुधारत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अठरा वर्षांची, बाळ सहा महिन्यांचं, दोघं माझ्याकडेच असतात. तिला बाळाचं काही जमत नाही, सगळं मीच करते. ती फोन घेऊन बसते. बोललं की दार आपटते. माझं कुठे चुकतं?

उत्तर : तुमच्या हातून होणाऱ्या कामाबद्दल आधी मनापासून आदर. आजी नसती तर यातली कितीतरी बाळं आजारी पडली असती.

पण लहान आई आणि तिची आई एका छताखाली असल्या म्हणजे सगळं आपोआप सुरळीत होतं, असं संशोधनात दिसत नाही. अगदी लहान मुलीला आजीचा आधार फार लागतो. मुलगी जरा मोठी असली तर दोघींची ओढाताण होते आणि बाळाशी वागण्यात दोघींचाही तोल जातो. सहा महिने सगळं तुम्हीच केल्यावर तिला ‘जमत नाही’ हे साहजिक आहे. बाळ तिच्याकडून तुमच्याकडे झेपावतं तेव्हा तिला काय वाटतं, हे तिने तुम्हाला सांगितलंय का? मला बऱ्याच जणी सांगतात. बाळ आपलं नाहीच असं वाटतं, म्हणतात, आणि मग फोन हातात घेतात.

दिवसातले काही तास बाळ तिचं ठेवा आणि तेव्हा तुम्ही घराबाहेर पडा. खरोखर बाहेर. एखाद दिवशी बाळ जास्त रडेल. आणि दार आपटणं, खोलीत बसून राहणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तिलाही वर सांगितलेली दहा प्रश्नांची चाचणी करून घ्या. आळस म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्ध्यावर सुटलं. मुलगी आठ महिन्यांची आहे. घरात दुसऱ्या बाळाचं चाललंय, ‘एकदाच उरकून टाक’ म्हणतात. मला परत शिकायचं आहे. उशीर झाला का?

उत्तर : अजिबात नाही. फ्रँक फर्स्टनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९६०च्या दशकाच्या मध्यापासून किशोरवयीन आयांची एक तुकडी धरली आणि तीसहून अधिक वर्षं त्यांची विचारपूस सुरू ठेवली. सुरुवातीला सगळ्यांनीच त्यांच्यावर पाणी सोडलं होतं. पुढे त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी शिक्षण पुरं केलं, काहींनी विशीच्या शेवटी, मुलं शाळेत जायला लागल्यावर. नोकऱ्या धरल्या. ज्या पुढे गेल्या त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली : पुढची मुलं त्यांनी लगेच होऊ दिली नाहीत.

म्हणून दुसऱ्याचं आधी बघू. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भासाठी निदान चोवीस महिने थांबावं. घरात ‘मला नको’ म्हणणं जड जात असेल तर हा आकडा पुढे कर, शक्य तर डॉक्टरांच्या तोंडून नवऱ्यासमोर म्हणवून घे. अंगावर पाजतेस म्हणून दिवस जाणार नाहीत, यावर विसंबू नकोस. तो आडोसा फक्त पहिले सहा महिने, तोही पाळी आलेली नसताना आणि बाळाला दुसरं काहीच देत नसताना. तुझी मुलगी आठ महिन्यांची आहे, म्हणजे ती मुदत संपली. तांबी अंगावर पाजताना चालते, नको असेल तेव्हा काढता येते. तीन महिन्यांचं इंजेक्शन असतं, फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्याही असतात. काय झेपेल ते तपासणी करून ठरव, आणि हे या आठवड्यात कर, परीक्षेचा अर्ज भरण्याच्याही आधी.

शिक्षणात खंड पडल्यावर परत प्रवेश कसा मिळतो, तो नियम कॉलेजकडून लेखी मागून घे. पहिल्या वर्षाचे जे विषय सुटले असतील ते ग्राह्य धरतात का, ते विचार. तोंडी उत्तरावर थांबू नकोस. हजेरी जमणारी नसेल तर मुक्त विद्यापीठाची चौकशी त्याच दिवशी कर. आणि ज्या दिवशी हे विचारायला जाशील त्या दिवशी मुलीला कोण बघणार, ते आदल्या रात्री नवऱ्याशी बोलून ठरव, सासूशी किंवा आईशी बोलण्याच्या आधी त्याच्याशी.